पागेच्या वाड्यात मामाची जागा

इंदापूर, ता. १० एप्रिल १९३५

॥ श्री ॥

तीर्थरूप सर्जेदादांच्या चरणी धाकट्या साखरेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी सुखरूप आहेत. वहिनींची कंबर कशी आहे ते कळवा. तुमच्या डाळिंबांना रोज पाणी मिळतं, तसं जरा त्यांच्याकडेही लक्ष असू द्या.

आपल्या नकोशीच्या लग्नाची तारीख धरली, वैशाखातली. आणि जागा मिळाली ती पागेच्या वाड्याची. जहागीरदारांचे घोडे जिथं बांधत, तिथं आता गावातल्या भल्याभल्यांची लग्नं लागतात. चौक एवढा मोठा, की सगळं वऱ्हाड एका पंगतीला बसतं. ह्यांचे पाय तर जमिनीवर नाहीत. भेटेल त्याला सांगत सुटलेत. कोऱ्हाळ्याचे व्याहीही खूश आहेत.

एक बारीकशी गोष्ट आहे. वाड्यात लग्न लागलं, की नवरीला वाड्याची लेक मानतात. पूर्वी वाड्याचे धनी स्वतः तिचा हात धरून तिला अंतरपाटापाशी आणत. आता धनी पुण्याला राहतात, म्हणून त्यांचे कारभारी आणतात. ह्यांनी त्याला होकार दिला आहे. तुम्ही मोठ्या मनाचे आहात, समजून घ्याल. माया आहेच, ती वाढती ठेवा.

तुमची,
साखर

बारामती, ता. १४ एप्रिल १९३५

चि. सौ. साखरबाईस सर्जेरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझी बारीकशी गोष्ट वाचली आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. नवरीला मामा आणतो हे तुला मी शिकवायचं का? तुझ्या लग्नात तुला कोणी आणलं होतं? आपल्या मामांनीच ना? त्यांचा पाय सुजलेला होता, तरी आणलं होतं.

चौथी मुलगी झाली म्हणून तुझ्या सासूनं तिचं नाव नकोशी ठेवलं. बारशाला तुझ्या घरातला एक माणूस हसला नाही. तेव्हा पाळण्याची दोरी मी ओढली होती. तू आजारी पडलीस तेव्हा दोन वर्षं ती माझ्या घरी राहिली. बाजारात माझ्या भाजीच्या पाट्यांमध्ये बसून ती येईल त्याला सांगायची, की ह्यो माझा मामा हाय, भाव कमी न्हाय करायचा. त्या पोरीचा हात आता कारभारी धरणार? ज्यानं तिला एक बोर दिलं नाही, तो?

धनी पुण्याला, मान मात्र इथं दुसऱ्याच्या लेकीवर. दाजींनी होकार देताना मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना सांग, वाडा बदला नाहीतर मामा बदला. रागावलो असलो तरी तुझा भाऊच आहे, हे ध्यानात असू दे.

सर्जेराव

इंदापूर, ता. २० एप्रिल १९३५

तीर्थरूप दादांस साखरेचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून हे गोठ्याकडे निघून गेले. निमंत्रणं गेली, आता जागा बदलली तर चारचौघांत नाक कापलं जाईल, एवढंच परतल्यावर बोलले. त्यांच्या नाकापायी माझ्या भावाचा मान गेला, त्याचं काय, असं मी विचारलं. त्यावर पुन्हा गोठ्याकडे.

मग मी स्वतः कारभाऱ्यांकडे गेले. वाड्याला नारळ देते, शेला देते, पण पोरीला तिचा मामा आणू दे, असं हात जोडून सांगितलं. ते पान चघळत म्हणाले, की रिवाज म्हणजे रिवाज, पटत नसेल तर रानात मांडव घाला. मला एवढा संताप आला की वहाणा तिथंच विसरून घरी आले.

पण दादा, तुमचाही मला राग आला आहे. वाडा बदला नाहीतर मामा बदला, हे बारामतीत बसून लिहायला सोपं आहे. भांडायचं तर इथं मांडवात येऊन भांडा. पोरीचा हात धरा आणि चालू लागा. कारभारी काय तुमच्या अंगावर येणार आहे? मी तुमच्या मागं उभी राहीन, मग हे काहीही म्हणोत. या, एवढंच मागते.

तुमची,
साखर

बारामती, ता. १५ मे १९३५

चि. सौ. साखरबाईस आशीर्वाद.

न बोलावता मांडवात घुसायला मी काही चोर नाही. दाजींनी माझा मान दुसऱ्याला दिला, तर दाजींनीच अक्षता घेऊन माझ्या दारात यावं. अजून आले नाहीत. मामाशिवाय लग्न कसं लागतं तेच मला बघायचं आहे.

सिकंदर आतार अत्तर-कुंकू विकायला तिकडे येतो, त्याच्याबरोबर नकोशीची मामाकडची पिवळी साडी पाठवली आहे. साडीवर तरी वाड्याचा हक्क नसावा. कळावे.

सर्जेराव

इंदापूर, ता. २४ मे १९३५

तीर्थरूप दादांस नमस्कार.

मामाशिवाय लग्न कसं लागतं ते तुम्हाला बघायचं होतं. सांगते.

नकोशी तुमची पिवळी साडी नेसून आतल्या खोलीत बसली होती. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आली. कारभारी जरीचा फेटा बांधून दारात आले आणि त्यांनी हात पुढं केला. तिनं हात पदराखाली घेतला. माझा मामा यायचाय, तुमी नगा, असं तिनं त्यांना सांगितलं. ते रिवाजाचं बोलू लागले तर तिनं मान फिरवली. ह्यांना पुढं व्हायचं धैर्य झालं नाही. मी पुढं झाले तर मलाही नको म्हणाली. बाहेर भटजी मुहूर्त टळेल म्हणून हाका मारत होते, आणि पोरगी दाराकडे बघत बसली होती. शेवटी ती उठली आणि त्या एवढ्या मोठ्या चौकातून एकटी चालत अंतरपाटापाशी गेली. उजवीकडे तुमच्यापुरती जागा सोडून चालली. सगळं वऱ्हाड बघत होतं. मला रडूही आलं नाही, इतका राग आला होता, कारभाऱ्यांचा, ह्यांचा आणि सगळ्यांत जास्त तुमचा.

सिकंदरभाईंनी मला सांगितलं, की तुम्ही बैलांची शिंगं रंगवून गाडी दारात उभी करून ठेवली होती. अक्षता घेऊन कोणी येईल म्हणून वाट बघत बसला होतात. हेही इथं रोज म्हणत, की उद्या जाऊन दादांची समजूत काढतो. दोघे बाप्ये आपापल्या दारात बसून राहिलात. माझ्या पोरीच्या वाट्याला काय आलं, ते वर लिहिलंच आहे.

लोभ असावा असं आज माझ्या हातून लिहवत नाही. नकोशीचा निरोप मात्र पोचवते. मांडवपरतणीला माहेरी आणायला मामा आला तरच ती येणार आहे. दुसरं कोणीही गेलं, अगदी तिचे वडील गेले, तरी ती कोऱ्हाळ्याहून निघणार नाही. सासूलाही तिनं तसंच सांगून ठेवलं आहे, की माझा मामा येणार हाय.

साखर