गाठ सोडलेली पेटी

२२ ऑगस्ट १९९९

माळ्यावर बुवांची बाजाची पेटी नाही. ज्येष्ठमधाच्या पोत्यामागे पाहिलं, तबल्यांच्या रांगेत पाहिलं, अब्बांच्या ट्रंकेमागेही. नाही.

सकाळी किल्लारीकडचा माणूस निरोप घेऊन आला होता. बुवांच्या नव्या गावात देवळाचा स्लॅब भरून झाला, पोळा झाला की बुवा पेटी न्यायला येणार. मी तोंड भरून सांगितलं, "तयार आहे म्हणावं." आणि मग माळ्यावर चढले.

भूकंपानंतरच्या आठवड्यात बुवांनी ती पोत्यात घालून आणली होती. त्यांच्या भजनी मंडळातले ते आणि ही पेटी, एवढंच उरलं होतं. भात्यातून माळवदाची माती निघाली. अब्बांनी दुकानाच्या रिवाजाप्रमाणे बुवांच्याच हातानं दांडीला काळा दोरा बांधून घेतला. दुरुस्तीला आलेल्या वाद्याला ज्याची त्यानं गाठ मारायची, नेताना त्यानंच सोडायची. गाठीचं वाद्य विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. अमानत. अब्बा गेले तरी तो दोरा तसाच होता.

शेवटची कधी पाहिली? आठवत नाही. आठवायला हवं.

२३ ऑगस्ट

सलीमला विचारलं. मान वर न करता म्हणाला, "भाता फाटला होता, आपा. निलंग्याच्या कारागिराकडे दिली. तुझी बोटं दुखतात ना हल्ली."

बोटं दुखतात हे खरं आहे. याच्या लक्षात आहे म्हणून बरं वाटलं. लहानपणी मशिदीच्या पायरीवर माझ्या चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवायचा, तो सलीम आठवला.

भाता मात्र मीच नवा घातला होता. पण उंदरानं कुरतडला असेल. उगाच संशय नको. धाकटा भाऊ आहे, गिऱ्हाईक नव्हे.

२९ ऑगस्ट

मुखेडच्या सुमनबाई आल्या. त्यांची वैशाली आमच्या वरच्या खोलीत बारावीसाठी राहते. सकाळच्या एसटीनं भाकऱ्या, ठेचा, तीळ घेऊन आल्या. मग वैशालीच्या खोलीतून एक बाटली आणून मला दाखवली. "ही संपत आली बघा. तिच्यासाठी दुसरी घेऊनच जाते तुमच्याकडून."

बाटलीवर ठळक अक्षरात: स्मरणशक्तीसाठी. त्याखाली अब्बांचा फोटो. त्याखाली माझं नाव: शाहिदा बेगम, बी.एस्सी.

बोटावर घेऊन चाखलं. आमचंच घशाचं चाटण, साखरेच्या पाकात पातळ केलेलं. भजनी लोक आणि मास्तर लोक नेतात ते. अब्बांच्या काळापासून गिऱ्हाइकाला आधी पेटीवर सा लावायला सांगायचं, आवाज कुठे फाटतो ते ऐकायचं, मग चाटण द्यायचं. फार दिवसांचा घोगरेपणा असेल तर दवाखान्यात पाठवायचं. न ऐकता कुणाला दिलं नाही.

दोन महिने सलीम मला चाटणासाठी दुप्पट काढा उकळायला लावतोय. लातूरमध्ये अचानक एवढे घसे कुणाचे बसले, हा प्रश्न बी.एस्सी. बाईंना पडला नाही.

सुमनबाईंना सांगितलं, हे घशाचं औषध आहे, अभ्यासाचं नाही.

"न्हाई बाई, लेकरात फरक हाय."

"अहो, मीच बनवते ते."

"म्हणून तर बिनघोर हाय मी. नाव हाय तुमचं त्याच्यावर." बाटली पदराखाली घेतली. "तुम्ही लई साध्या. दुसरी असती तर ढोल वाजवला असता." मग म्हणाल्या, वैशालीच्या क्लासच्या होस्टेलात सगळ्याच लेकरांना देतात. सकाळी प्रार्थना, मग चमचा-चमचा औषध. प्रार्थनेला पेटीबी वाजती आता. जुनी हाय, पण गोड. "तुमच्याच दुकानातून भेट आली म्हणं."

जेवले नाही.

३० ऑगस्ट

होस्टेलवर गेले. आत जायची गरजच पडली नाही, रस्त्यावरच ऐकू आलं. प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीत मध्यम खरखरला. ती खरखर मला कधीच काढता आली नव्हती. माती कुठेतरी आत राहिलीच.

क्लासचे सर सौजन्यानं वागले. खुर्ची दिली, चहा सांगितला. "मॅडम, तुमच्या बंधूंनी स्वहस्ते दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या." मी म्हटलं, ती दुसऱ्याची आहे. सर म्हणाले, "मग न्या ना. पण सिरपचे खोकेही उचलायला सांगा. भेट परत घ्यायची आणि गिऱ्हाइकी ठेवायची, हे बरं दिसत नाही."

म्हणजे ही पेटी होस्टेलचं दार उघडायला दिली होती.

मुली जिन्यावर उभ्या राहून बघत होत्या. पेटी मीच उचलली. रिक्षात मांडीवर घेतली. दांडी उघडी, दोरा नाही.

३१ ऑगस्ट

सलीमशी बोलणं. नव्हे, भांडण. जसं आठवतं तसं लिहिते, माझ्या बाजूनं वळवायचं नाही.

"निलंग्याचा कारागीर?"

म्हणाला, "एक धागे कू लेके बैठी आपा! सहा वर्षं माळ्यावर धूळ खात होती. बुवाला नवी घेऊन दिली असती."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

मी लेबलवरून माझं नाव काढायला सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "डिग्री तुझी एकटीची आहे का? तू कॉलेजात जात होतीस तेव्हा शाळा सोडून या गादीवर कोण बसलं? ढोलकी विकून कुणाचं घर चालतं आता? या महिन्यात घरात जे शिजलं ते सिरपवर शिजलं. तूही जेवलीस."

जेवले. हे खोडता येत नाही. शाळा सुटल्याचंही खोडता येत नाही. पण एवढी वर्षं हे मनात होतं तर माझ्या तोंडावर म्हणायचं. अब्बांचा फोटो आणि माझं नाव चिकटवून त्याची वसुली?

जाताना दारातून: "नवा काळा दोरा बांधून टाक. म्हाताऱ्याला दिसतंय कुठे?"

त्याला मी ओळखत नाही, असं वाटलं. किंवा ओळखायचं टाळत आले.

४ सप्टेंबर

होस्टेलवरून खोके परत आले. सलीमनं माझ्याकडे न बघता दुकानात रचले, वाद्यांच्या बाजूला. तबले आता खोक्यांमागे.

काढा उकळायचं बंद केलं. खरोखर घसा बसलेली एक मास्तरीण आली, तिलाही रिकाम्या हातानं पाठवावं लागलं. हे तत्त्व की हट्ट?

काळ्या दोऱ्याचं रीळ ड्रॉवरमध्येच आहे. काल हातात घेतलं होतं. परत ठेवलं. नोंद असावी म्हणून लिहिते.

१२ सप्टेंबर

बुवा आले. काठी, धुतलेलं धोतर, काखेत घडी केलेलं पोतं. डोळ्यांना आता खरंच फार दिसत नाही. सलीम दुकानातच होता. मीच त्याला थांब म्हटलं होतं.

बुवांनी पेटी वाजवली. मध्यम खरखरला तसे हसले. "हाय, हाय. आमचीच हाय." मग बोटं दांडीवर गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परत मागे.

"गाठ?"

मी सलीमकडे पाहिलं. त्यानं सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

सलीम म्हणाला, "जुना दोरा होता, बुवा. कुजून तुटला."

त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर. इतक्या सहज.

"तुटला नाही, बुवा," मी म्हटलं. "सोडला. पेटी दुसरीकडे गेली होती. आणली परत."

"कुणी सोडला?"

मी बोलले नाही. का? भावाची लाज झाकली, की त्याच्यासाठी जागा ठेवली? अजून ठरत नाही. सलीम बाटल्या पुसत राहिला.

बुवांनी चहा घेतला. म्हणाले, "तुमच्या वडिलांनी सांगितलं व्हतं, गाठ तुम्हीच सोडायची. आता सोडायला गाठच न्हाई, तर मी पेटी कशी न्यावी, बाई? ज्यानं सोडली त्यानं आणून द्यावी. देवळात, चारचौघांत. तवर ऱ्हाऊ द्या हितंच."

मी रिक्षा करून देते म्हटलं, पेटी पोचवायला मीच येते म्हटलं. "तुमचं काम न्हाई ते, लेकी."

रिकामं पोतं काखेत घेऊन गेले.

१९ सप्टेंबर

पेटी गल्ल्याशेजारी आहे. सलीम तिला वळसा घालून जातो. आमच्यात बोलणं कामापुरतं. जेवणाचं ताट त्याची बायको आणून देते.

नवं लेबल छापून आलं. माझं नाव नाही. अब्बांचा फोटो मोठा केलाय. चाटण कुठून आणतो, कुणास ठाऊक. गुळाचा वास येतो.

सुमनबाईंचा निरोप: वैशालीला दोन बाटल्या द्या. वैशालीला खाली बोलावून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं पोरीनं. मग म्हणाली, "आईला नका सांगू हो. तिला त्याच्यामुळे झोप लागते."

२६ सप्टेंबर

आठवडाभरात भूकंपाचा दिवस. बुवांच्या गावात त्या दिवशी भजन असतं. यंदा देवळात असेल. पेटीशिवाय.

दुपारी सलीमनं एकदम विचारलं, "बुवांच्या गावाला एसटी कुठून लागते?"

सांगितलं. औशावरून जाते, सकाळची गाडी बरी. माझा आवाज नीट राहिला.

संध्याकाळी दुकान आवरताना पाहिलं तर पेटीवरची धूळ पुसलेली. शेजारी सिरपचे दोन खोके, सुतळीनं बांधून, उचलायला सुतळीचीच मूठ करून तयार.

पेटी न्यायला दोन्ही हात लागतात.

काय नेणार, ते विचारलं नाही.