फोटो चांगला आल्याचे दुष्परिणाम

ती. आत्या,

वाकून नमस्कार (खरोखर वाकलो, कमरेत उसण भरली). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे ठणठणीत. मी तर हवेतच आहे.

बाबांना माझं लग्न उरकायचंय, हे तुला ठाऊकच आहे. आपलं रंगाचं दुकान. शेडकार्ड पुढे धरत राहिलं की गिऱ्हाईक कधीतरी एका रंगावर बोट ठेवतंच, हा त्यांचा जन्माचा अनुभव. तसेच ते माझ्यापुढे मुलींचे फोटो धरतात. बदल्यात माझाही फोटो हवा, म्हणून मला पाठवलं कुठे, तर समोरच्याच स्टुडिओत. (माझा जीव ज्याच्यावर आहे तो फोटोग्राफर हाच, हे घरात अजून तुझ्याखेरीज कोणाला माहीत नाही.) कॅमेऱ्यामागे तो उभा म्हटल्यावर मी असा काही खुललो, की फोटो जाईल तिथून होकार. बाबा बेहद्द खूश, आणखी प्रती काढायला सांगून आले. तो बिचारा त्या प्रती काढून आपल्याच पायावर धोंडा मारून घेत बसलाय.

काल एका शाळेतली मास्तरीण बघायला आली. आम्हा दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तर तिनं थेट विचारलं, ‘‘फोटोत तुम्ही कोणाकडे बघताय?’’ मी म्हटलं, कॅमेऱ्याकडे. ‘‘माझ्याकडे तर तसं एकदाही बघितलं नाहीत.’’ मग मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. ती रागावली नाही, आत्या. म्हणाली, मीच नकार कळवते, पण पुढचीला फसवू नका. एका परक्या बाईला सांगितलं आणि आभाळ कोसळलं नाही, या आनंदात मी आज दुकानात पांढऱ्याऐवजी गुलाबी डबे बांधून दिले (गिऱ्हाईक परत आलंच).

तुझा लाडका भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की रविवारी पुढचं स्थळ येतंय. त्याआधी येऊन बाबांना तूच काय ते सांग. माझी छाती होत नाही.

ता. क. पुन्हा. पाकीट बंद करायचं राहिलं ते बरं झालं. रात्री जेवताना सगळं तोंडातून निघूनच गेलं. आई रडली, मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘म्हणजे आपण एका पोरीचं वाटोळं करायला निघालो होतो?’’ बाबांनी सकाळी रविवारच्या लोकांना नको म्हणून कळवलं आणि दुकानात जाऊन बसलेत. त्यांना कोणावर तरी ओरडायचंय आणि माझ्यावर ओरडवत नाहीये, मला ते बघवत नाही. तेव्हा तू येच. तुझ्याशी त्यांना पोटभर भांडता येतं.