पावसाच्या पाण्यावरची गाडी

२१ सप्टेंबर १९५९
भाऊजींना गाडीची शेड पाहिजे. पिठाची गिरणी टाकायचीय. "वहिनी, दादा जाऊन तीन वर्षं झाली. गाडी निस्ती धूळ खातीया. भंगारवाला उचलतो म्हणतो." भंगारात नाही द्यायची, म्हटलं. त्यांचंही चुकत नाही, चार लेकरं आहेत.

२४ सप्टें.
पुण्याच्या एका गृहस्थांचं कार्ड आलं. जुन्या मोटारी जमवतात. दसऱ्यानंतर येतील. गाडी स्वतःच्या वाफेवर चालली तर नेऊन नीट जपतील. नाही चालली तर त्यांना नको.
म्हणजे चालली तर पुण्याला, नाही चालली तर भंगारात.

२७ सप्टें.
ताडपत्री काढली. सायकलीसारखी तारांची चाकं, स्टिअरिंगच्या चक्राच्या जागी नुसती दांडी. बैठकीखाली बंबासारखा बॉयलर, फुटू नये म्हणून त्याला पोलादी तारेचे वेढे. गिअर नाही, क्लच नाही. खाली बर्नर म्हणजे आपला स्टोव्हच, थोरला. आधी स्पिरिटनं तापवायचा, मग रॉकेल. हा ह्यांच्या हातून झटक्यात पेटायचा. स्वयंपाकघरातला कधी धड पेटला नाही.
जागीरदारसाहेबांच्या वडिलांनी मागवलेली. निजामावरच्या पोलीस अॅक्शननंतर साहेब गाव सोडून गेले, तेव्हा गाडी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे ह्यांना, देऊन गेले. एवढंच म्हणाले, "इसको प्यासी मत रखना."
ह्यांनी ते शब्दशः धरलं. विहिरीचं पाणी नाही, त्यानं आत पांढरा थर धरतो. फक्त पावसाचं, पन्हाळीखाली पिंपं लावून. दोन भरलेली आहेत. ह्यांच्यामागं तीन पावसाळे मीच भरते. कशासाठी, ते...

१ ऑक्टो.
वाचनालयातून वाफेच्या इंजिनावरचं पुस्तक आणलं. आकृत्या समजल्या, गणितं सोडून दिली.
शेजारचे रशीदभाई टांगा सोडून बघायला आले. "भाभी, ये मोटर नै, चूल्हा है चूल्हा! मियाँ ऊपर बैठते, नीचे रोटी पकती." हसले आणि मग डोळे पुसले. त्यांची घोडी सगळ्या मोटारींना बिचकायची, हिला कधी नाही. हिला आवाजच नाही.
दौलताबादच्या रस्त्यानं जायचो. हे उजवीकडे, मी डावीकडे. हातपंप माझ्याकडे. आरशात बॉयलरची काचेची नळी दिसायची. त्यात पाणी उतरलं की पंप मारायचा. हे रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "पाणी?" मी म्हणायची, "आहे." पडेगाव येईपर्यंत आमचं एवढंच बोलणं. पुष्कळ वाटायचं.

दसरा
भाऊजींनी गाडीची पूजा केली. हळदकुंकू, दांडीला झेंडूचा हार. मी दारातूनच बघत होते. तेवढ्यात त्यांनी हंडा उचलला आणि टाकीत रिकामा केला. गढूळ पाणी. मी ओरडलेच.
"पैठणच्या गंगेचं, गोदामाईचं हाय वहिनी. मुद्दाम आणलंय. दादाची गाडी, तिला साधं पाणी कसं घालू?"
दुपारी पंप मारून बघितला. अडकला.

१४ ऑक्टो.
भाऊजी दिवसभर गाडीखाली उताणे. पंपाच्या झडपेत वाळू. "पुण्य लई झालं, आता वाळू काढतो." टाकी धुण्यात एक अख्खं पिंप गेलं. संध्याकाळी पंप मोकळा झाला. मनातून वाटलं होतं, नसता झाला तरी... नको. मग भंगारच.

१८ ऑक्टो.
पुण्याचे गृहस्थ आले. मृदू माणूस. चपला बाहेर काढूनच शेडमध्ये शिरले.
बर्नर पेटवला. वाफेच्या दाबाचा काटा चढला. आता दांडी कोण धरणार? रशीदभाई म्हणाले, "मेरे कू लगाम होना, ये दांडी नै." भाऊजी मागं सरकले. "दादाच्या जागेवर नाय बसायचा मी."
मग मीच बसले. आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडे. भाऊजी पंपाशी.
वाफेची झडप हळूच उघडली. गाडी निघाली. कडुलिंबापर्यंत गेलो. रस्त्यावर नजर, आणि तोंडातून आपोआप गेलं, "पाणी?"
"आँ?" भाऊजी दचकले. मग आरशात वाकून बघितलं. "हाय, हाय. लई हाय."
पुढचा रस्ता मला नीट दिसला नाही. तरी गाडी सरळच आणली.
गृहस्थ खूश. दिवाळीनंतर लॉरी पाठवतो म्हणाले. मी विचारलं, तिकडं पाणी कुठलं घालाल? म्हणाले, नळाचं, दुसरं कुठलं? मी पावसाच्या पाण्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. लक्षात राहील का?

१९ ऑक्टो.
भाऊजी जेवताना एकदम म्हणाले, "गिरणीला चौकातली खोली बी चालंल. बघू."
मी भाकरी वाढली.

२२ ऑक्टो.
पुण्याहून कार्ड. लॉरी ठरवू का, कळवा.
दुपारपासून आभाळ दाटलंय, परतीच्या पावसाचं. भाऊजींनी न सांगता रिकामं पिंप पन्हाळीखाली नेऊन लावलं. मी विचारलं, कशाला आता? "गाडी पुण्याला गेली तर संगं द्यायला लागंल. ऱ्हायली तर इथं लागंल."
उत्तराला कार्ड घेऊन बसले. पत्ता लिहिला. बाहेर पिंपात थेंब वाजायला लागले, ते ऐकत राहिले.
कार्डाची दुसरी बाजू कोरीच आहे.