शेडमधली सवत

२ मार्च

सुरू झाली! खोकली, थुंकली, काळा धूर ओकली — पण सुरू झाली! दोन वर्षं शेडमध्ये विटांवर बसून होती बिचारी. मी कौतुकाने बॉनेटवर थाप मारली आणि ती बंद पडली. योगायोग.

ही धावत आली. तोंडात टाचण्या. वाटलं, अभिनंदन करणार. टाचण्या काढून म्हणाली, गिऱ्हाइकाचे पांढरे पडदे दोरीवर आहेत, धूर लागला तर परत धुवायला तुम्हालाच बसवीन. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला तरी यंत्राचा जिव्हाळा असावा की नाही?

४ मार्च

आईने जीपचं नाव 'सवत' ठेवलंय. पानं वाढली की हिला सांगते, "तुझ्या सवतीपाशी आहे तो. बोलाव." माझीच आई!

७ मार्च

पुढचं चाक हाताने फिरवलं की आतून कुरकुर येते. गॅरेजवाल्याला सांगायला गेलो. त्याला आम्ही सगळे उद्याशेठ म्हणतो. म्हणाला, "उद्या येतो." हे तो मागच्या हिवाळ्यापासून म्हणतोय. परत येताना ठरवलं — स्वतःच उघडायचं. आपला हात जगन्नाथ!

९ मार्च

उघडलं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये जी जाड दांडी असते, तिच्या पोटात दातेरी चाकांचा एक गोळा असतो — डिफरन्शियल. इंजिनाची ताकद त्यातून चाकांना जाते. लोक नुसतं नाव ऐकून घाबरतात. मी घाबरलो नाही. बोट तेवढं चेमटलं.

बॅटरी धरायला ही होती. बॅटरी धरणं म्हणजे काय अवघड काम? पण हिला जमेल तर शपथ! मी पाहतोय डावीकडे, उजेड उजवीकडे. "बॅटरी नीट धर" हे वाक्य मी आज इतक्यांदा म्हटलं की शेवटी आई खिडकीतून म्हणाली, "रेडिओ बंद करा कुणीतरी."

गोळा बाहेर आला. तर हिने काय करावं? आत जाऊन नेलपॉलिश आणलं आणि त्याच्या वरच्या बाजूला एक लाल ठिपका दिला. का, तर म्हणे बसवताना वरची बाजू कुठली ते कळावं. पडद्याच्या कापडाला सुलट बाजूची खूण करतात तशी. मी हसलो. मोठ्याने हसलो. हिने बाटलीचं बूच लावलं आणि आत गेली.

१३ मार्च

गोळा धुतला. रॉकेल, तारेचा ब्रश, परत रॉकेल. नेलपॉलिश काही सुटेना. शेवटी ब्रशने घासघासून काढलं. जीप आहे, नवरी नाही!

१६ मार्च

बेअरिंग नवं घातलं, गोळा परत बसवला. सगळे बोल्ट गपागप गेले. ही पुन्हा बॅटरी घेऊन. म्हणाली, "अहो, हीच बाजू वर होती का?" मी म्हटलं, भोकं जुळली की काम जुळलं. हिने उजेड मुद्दाम माझ्या डोळ्यांत मारला.

२२ मार्च

रंग दिला. हिरवा. सैनिकी दिसावी असं मनात होतं. मेव्हणा येऊन म्हणाला, "भावोजी, पालकाची जुडी दिसतेय."

हिचा धाकटा भाऊ हा. याची गाडी नवी कोरी. टपावर दोरखंड, फावडं, कुऱ्हाड — कुऱ्हाडीवर दुकानाचं लेबल तसंच. कच्च्या रस्त्याने गाड्या घालणाऱ्यांचा क्लब काढलाय यांनी. दर रविवारी जमतात, टायरांवर दोन तास बोलतात, चहा पितात, डांबरी रस्त्याने घरी जातात. गेल्या महिन्यात एकाच्या दारावर खराखुरा चिखल दिसला. चौकशीअंती कळलं, घराजवळ पाइप फुटला होता.

२५ मार्च

जीप रस्त्यावर आणली! बाजारापर्यंत गेलो, आलो. लोक वळून बघत होते. आवाजामुळे असेल.

रोजच्याला मागची दोनच चाकं गाडी ढकलतात. चारही चाकांना ताकद द्यायची तर आसनाशेजारचा छोटा लिव्हर ओढायचा. हात शिवशिवत होते, पण नाही ओढला. चार चाकांची ताकद काय भाजी आणायला उधळायची? योग्य प्रसंगी काढायची वस्तू ती.

३० मार्च

घरात गडबड. हिला एका वसतिगृहाचं काम आलंय — सगळ्या खोल्यांचे पडदे. आजवर एवढं मोठं काम आलं नव्हतं. पण कापड पसरायला लांबरुंद टेबल हवं आणि झोपायच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मी स्वतः कापडाच्या तागांच्या कुशीत झोपतो. टेबल शेडमध्येच बसेल, असं हिचं म्हणणं. नाहीतर काम सोडावं लागेल.

मी म्हटलं, मग जीपने जायचं कुठे? उघड्यावर? नवा रंग आहे!

ही भांडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "पुढच्या रविवारी माझ्या भावाच्या क्लबची मंडळी खाणीवर जाणार आहेत ना? तिथला चढ ही जीप चढली, तर मी शेडचं नाव काढणार नाही. वसतिगृहाला नाही म्हणून कळवीन. नाही चढली, तर जीप भंगारात आणि शेड माझी." आई म्हणाली, मी साक्षीदार. एवढ्या तत्परतेने ती माझ्या लग्नालाही उभी नव्हती.

मी हो म्हटलं. चढणारच आहे!

३ एप्रिल

ऑइल पाहिलं. हवा पाहिली. आरसे पुसले. ही वसतिगृहाचे कापडाचे नमुने पलंगावर मांडून बसली होती. एक निळा होता, चांगला. तिने हात फिरवला आणि परत घडी घातली. मला कसंसंच झालं. मग मनात म्हटलं, शर्त तिचीच आहे.

६ एप्रिल, रविवार

काय लिहू!

जुनी दगडाची खाण, गावाबाहेर. आतून वर येणारा मातीचा चढ, पायथ्याशी डबकं. क्लबचे सगळे होते. चढाकडे तोंड करून फोटो काढून झाले. मग सगळे एकमेकांना 'आधी तुम्ही' करू लागले, लग्नाच्या पंगतीत करतात तसं. मी म्हटलं, बाजूला व्हा. ही आणि आई सतरंजी टाकून वर बसलेल्या.

डबक्यात उतरलो. थांबलो. आणि तो लिव्हर ओढला. खट्! इतका गोड आवाज! दोन वर्षं याचीच वाट पाहिली होती. क्लच सोडला, पाय दाबला.

जीप गरजली. थरथरली. चिखल पुढे उडाला, मागे उडाला, माझ्या तोंडात गेला. पण जागची हलेना! आणखी दाबलं. जीप तर खाली चाललेली! चाकं आपापला खड्डा खणत होती. मेव्हणा फोन धरून शूटिंग घेत होता, बाकीचे ओरडत होते — आणखी गॅस, कमी गॅस, डावीकडे, उजवीकडे. दहा तोंडं, दहा सल्ले. चिखल दारापर्यंत आला.

तेवढ्यात ही खाली उतरून आली. साडी खोचलेली, हातात चप्पल. वाकून चाकांकडे बघत उभी राहिली. मग मला हाताने थांबवलं.

म्हणाली, "अहो, मागची चाकं पुढे जातायत. पुढची मागे येतायत."

मी पुन्हा हळूच पाय दाबला, मेव्हण्याने वाकून पाहिलं. खरंच तसं होतं! गोळा उलटा बसला की पुढची चाकं उलटी फिरणार — एवढं गणित मलाही कळतं. भोकं दोन्ही बाजूंनी जुळतात हे मात्र कळलं नव्हतं.

हिने माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, फक्त मला ऐकू येईल एवढंच —

"नेलपॉलिश कुठं गेलं?"

त्यापेक्षा चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर पुरवलं असतं.

मेव्हण्याच्या दोरखंडाला शेवटी काम मिळालं. जीप बाहेर ओढली. लिव्हर परत टाकला, मागच्या दोन चाकांवर घरी आणली. गेटपाशी आई म्हणाली, "भंगारवाल्याला मंगळवारी बोलावलंय."

७ एप्रिल

ऑफिसला गेलो नाही. शेडमध्ये बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जीप उभी आहे, चिखल वाळून पांढरा झालाय. पालकाची जुडीच दिसते खरी.

रडलो. कुणी पाहिलं नाही. म्हणजे आईने पाहिलं, पण चहा ठेवून गेली.

८ एप्रिल

भंगारवाला आला. जीपभोवती फिरला, लाथ मारून पाहिली. मी चावी काढून दिली. शर्त म्हणजे शर्त.

ही बाहेर आली आणि त्याला म्हणाली, नको, जा. तो गेला. मला काही उमजेना. आईलाही नाही. ती म्हणाली, अगं, तू जिंकलीस ना?

"जिंकलेच. म्हणून तर," ही म्हणाली. "शेड माझी ना? मग शेडमधलं सगळं माझं. काय भंगारात घालायचं ते मी ठरवणार. तिची काय चूक? तिला जसं जोडलं तशी ती चालली."

मग हिने जीपची पुढची काच आडवी पाडली, मेव्हण्याला हाक मारून प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्या बॉनेटपासून मागपर्यंत टाकून घेतल्या, वर जुनी चादर ताणली. झालं टेबल! उंची अगदी कंबरेला. निळं कापड त्यावर सळकन पसरलं. मी बघतच राहिलो. हे आधी का नाही सुचलं, असं विचारलं. म्हणाली, गेल्या वर्षी सुचलं होतं, तुम्ही रंगाला ओरखडे पडतील म्हणालात.

म्हणालो होतो.

१३ एप्रिल

सकाळी फळ्या उतरवून ही स्वतः जीपखाली शिरली. माझा जुना शर्ट घालून. मी म्हटलं, तुला नाही जमायचं, बोल्ट घट्ट आहेत. हिने पान्याला पाइप अडकवला आणि सगळ्या वजनानिशी पाय दिला. बोल्ट सुटला. मी उद्याशेठला बोलवू का विचारलं. खालून दुसरा बोल्ट टणकन बाहेर आला.

गोळा फिरवून सुलटा बसवला. मी गुडघ्यांवर बसलो होतो. मान अवघडली, हात भरून आला, घाम डोळ्यांत. बॅटरी धरणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

आणि खालून आवाज आला — "अहो, बॅटरी नीट धरा!"

आई खिडकीत होतीच.

२० एप्रिल, रविवार

मेव्हण्याचा फोन. चढली! चालवत ही होती, शेजारी आई. मी घरी. वसतिगृहाचे पडदे उद्या द्यायचेत आणि दुमडी मारायच्या राहिल्यात, त्या माझ्याकडे आल्यात. मशीनचं चाक मी सारखं उलटं फिरवतो, दोरा तुटतो. म्हणून हिने निघताना चाकावर नेलपॉलिशने बाण काढून दिलाय.

पुसलेला नाही.