माजलेलं रान

व्यंकट भावजी,

वहिनीचा आशीर्वाद हाय, पण राग बी हाय.

काल तुमचा फोन आला तवा आमच्या ह्यांनी स्पीकर चालू ठेवला होता. तुमचं बोलणं मी ऐकलं. "सरकारचे फुकटचे पैसे खात्यात यायला लागले आन् बाया माजल्या. वहिनीसुद्धा खुरपायला येईना."

तुम्ही लातूरला मास्तर. जळकोटचं रान तुम्ही रविवारी बांधावरून बघता, म्हणून सांगते.

पावसानं उघडीप दिली की खुरपणीची घाई दोघांच्या रानाला एकदमच लागते. पण दरसाल त्याच टायमाला आमच्या घरात तेल-मिठाला पैसा नसायचा. मग मी रोजानं आधी तुमचं सोयाबीन खुरपायची. तोवर माझ्या रानात कंबरेएवढं गवत व्हायचं आन् पीक त्याच्याखाली दबून जायचं. गेल्या साली तुम्हीच बांधावर हसला होता, "वहिनी, तुमच्या रानात गवत लई माजलंय."

यंदा किराणा त्या फुकटच्या पैशात भागला. म्हणून मी आधी माझं रान खुरपलं. एवढाच माझा गुन्हा. तुमच्याकडं बी येईन, पण माझं आटपल्यावर, आन् रोज किती ते आधी ठरवून.

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई. रविवारी याल तवा डोळ्यांनीच बघा. जे माजलं होतं, ते मुळासकट उपटून बांधावर वाळत घातलंय.

तुमच्या रानाआधी स्वतःच्या रानात गेलेली,
तुमची वहिनी
सत्यशीला