पोळ्याचे पिस्तूल

३ ऑगस्ट १९५२, रविवार
पोळा वीस तारखेला. आजपासून तयारी.

मालगुजारी सरकारने नेली, पण पोळा फोडायचा मान अजून आपल्या घरात आहे. साऱ्या गावाचे बैल गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर तोरणाखाली उभे राहायचे, मी पिस्तूल आभाळाकडे धरून बार काढायचा, मगच बैल सुटायचे. वडिलांपासूनची रीत. आता नवे सरपंच किसनराव म्हणतात म्हणे, "शिट्टी वाजवून बी पोया फुटते." शिट्टी! पोळा आहे की मालगाडी?

चावडीवर सर्वांसमक्ष ठणकावले: ज्या पोळ्याला माझे पिस्तूल वाजणार नाही, त्या पोळ्यापासून मान माझ्या घरचा नाही. किसनराव लगेच "कबूल" म्हणाले. घाबरले असावेत.

उद्या पिस्तुलाचे सर्व्हिसिंग. स्वहस्ते.

४ ऑगस्ट
पिस्तूल उघडले. वडिलांनी ज्या साहेबाकडून ते घेतले, त्याला एकदा उघडताना पाहिले होते. लांबून, पण तेवढे पुरे. भाग न् भाग रॉकेलने धुऊन तरटावर मांडला.

तेल हवे. आमच्या सौ. आनंदाबाई म्हणाल्या, "वर्ध्याले जाऊन पिस्तुलाचं तेल आणा ना." घरात घाण्याचे ताजे जवसाचे तेल असताना वर्ध्याला? या तेलावर आमच्या चार पिढ्यांची पोटे सुरळीत चालली. पिस्तूल का चालू नये? सढळ हाताने लावले. उरलेले नातीच्या, कोकिळेच्या, लाकडी बैलाला पुसले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला मिरवायचा आहे तिला.

जोडणी झटपट. एकही भाग उरला नाही. चाप लोण्यासारखा. मेकॅनिक व्हायचा मी, उगीच मालगुजार झालो.

८ ऑगस्ट
गोठ्यासमोर रिहर्सल. छाती पुढे, हात ताठ वर. हात वर जाताच आमचा बैल हौश्या असा उधळला की सालदार चिंधूला कासऱ्यासकट शेणाच्या उकिरड्यापर्यंत ओढत नेले. चिंधू अंग झाडत म्हणाला, "मालक, दरसाली तुमचा हात वर गेला का धडाम होते, हे त्याले पाठ झालं. तो बाराची वाटच नाई पाहत." या बैलाला डिसिप्लिन म्हणून नाही.

कोकिळेचा लाकडी बैल सुकून काचेसारखा टणक, चकचकीत झाला. जवसाच्या तेलाची कमालच म्हणायची.

पिस्तूल मात्र जरा जड वाटते. वरचा सरकता भाग अर्ध्यावर अडतो. निदान: तेल कमी पडले.

९ ऑगस्ट
पुन्हा उघडले. भाग एकमेकांना चिकटले होते. दुप्पट तेल लावले. पावसाने उघडीप दिली म्हणून दिवसभर उन्हात ठेवले, म्हणजे तेल नीट मुरेल. आनंदाबाई भाजीला फोडणी द्यायला आल्या तर बरणी रिकामी. म्हणाल्या, "आता त्याले कढईतच सोडा, भज्यासारखं." दुर्लक्ष केले.

१२ ऑगस्ट
भाग अर्ध्यावरही जात नाही. बहुधा नव्या तेलाची सवय व्हायला वेळ लागतो. तिसरा हात दिला. ऊन दिले.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला सलामीचा बार काढायचा, म्हणजे ट्रायलही होईल, असा बेत होता. सकाळी चाप हलेना. मग मनात आले, हा वर्धा जिल्हा आहे, अहिंसेची भूमी. राष्ट्रीय सणाला इथे पिस्तूल वाजवणे बरे दिसत नाही. टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात माझ्या.

किसनरावांनी विचारले, "काय अण्णाजी, पिस्तूल तयार?" म्हटले, तयार म्हणजे काय, आवरून धरावे लागते आहे.

१७ ऑगस्ट
आज पिस्तूल उघडेचना. लाकडी हातोडीने हलके समजावले. हातोडीचा दांडा निघाला.

एक काम मात्र झकास झाले. धोतर वाळत टाकायला हात वर केला, तर हौश्या खुंट्यासकट अंगणात! रागारागात चावडीवर गेलो आणि त्याला विकून आलो. घेतला कोणी? किसनरावांनी! पोळा झाला की घेऊन जायचा, पंचांसमोर सौदा पक्का. असली बला सरपंचाच्या गळ्यात बांधली. घरी येईपर्यंत हसू आवरत नव्हते.

चिंधूचा चेहरा पडला. आनंदाबाई म्हणाल्या, "घरचा बैल काऊन इकता? इकाच त ते पिस्तूल इका." त्यांना राजकारण कळत नाही.

१९ ऑगस्ट
आज खांदशेकणी. चिंधूने बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकले, हळद-तूप चोळले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणताना हौश्याच्या खांद्याला त्याने हळद-तूप दुसऱ्यांदा चोळले. मी दुसरीकडे पाहिले.

पिस्तूल आता कुठूनच हलत नाही. एका परीने बरेच, आत धूळ जाणार नाही. आनंदाबाईंनी त्यावर नख मारून पाहिले, मग कोकिळेचा लाकडी बैल आणून शेजारी ठेवला. दोन्ही सारखेच चकाकत होते. म्हणाल्या, "जवसाचं तेल सुकलं का त्याचा पापुद्रा होते, न ऊन दिलं का दगड. म्हणून त दाराच्या चौकटीले लावते. आताबी किसनरावजीले सांगून द्या, लाज कायची?" लाकडाचे ज्ञान लोखंडाला लागू पडत नाही, हे त्यांना समजावले.

मला भीती वाटत नाही. जेवलो नाही ते भूक नव्हती म्हणून. ऐन वेळी सुटेल. वडिलांच्या हातात कधी अडले नाही.

२० ऑगस्ट, पोळा. दिवेलागण
शांतपणे लिहितो.

आखर गच्च भरला होता. हौश्या पहिल्या रांगेत, शिंगांना बेगड, पाठीवर नवी झूल. किसनराव बाजूला, गळ्यात शिट्टी. काडतूस आत जाईना म्हणून खिशातच ठेवले. दोन्ही हातांनी जोर लावला. गुडघ्यात धरून लावला. गर्दीतून कोणीतरी पोळ्याच्या गाण्याची झडती म्हटली:

"चकचक पिस्तूल, तेल त्याले लई,
मालक लावते जोर, पिस्तूल म्हणते नाई!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सारा आखर हसला. बायकासुद्धा. कान तापले. वाटले, वडील वरून पाहत असतील तर त्यांनी आज मान वळवावी. तरी म्हटले, हात तर वर करू, पुढचे पुढे. पिस्तूल आभाळाकडे धरले.

आणि हौश्या सुटला. तोरण तोडून, चिंधूला घेऊन. त्याच्यामागे गावचे सगळे बैल. धुरळा, हलगी, आरडाओरडा. पोळा फुटला! किसनरावांची शिट्टी ओठांपर्यंतही गेली नाही.

जिंकलो. हात माझा, बैल माझा. उद्या पंचांना हेच सांगायचे.

२१ ऑगस्ट, सकाळ
सांगितले. पंचांनी नीट ऐकून घेतले. किसनराव नेहमीप्रमाणे सभ्यपणे बोलले: "अण्णाजी, शब्द तुमचाच होता. पिस्तूल वाजलं नाई. पन माही शिट्टी बी नाई वाजली. पोया फोडला हौश्यानं. मान त्याचा." पंच माना डोलावू लागले. ठराव झाला: यापुढे मान हौश्याचा, आणि हौश्या ज्याच्या गोठ्यात असेल त्या घराचा.

मी "मंजूर" म्हणून मोकळा झालो. सौदा आठवला तो त्यानंतर.

दुपार
किसनराव बैल न्यायला आले. आनंदाबाईंनी हौश्याला ओवाळले, पुरणपोळी चारली. मी ओसरीवरून किसनरावांना म्हटले, बैल न्या, पण पोळ्याला हात वर करायला मलाच बोलवावे लागेल. त्याला या हाताची सवय आहे.

तेवढ्यात चिंधूने खुंटीवरची, त्याच्या गळ्यात बांधायची जुनी घाटी काढायला हात वर केला. हौश्या किसनरावांना ओढत थेट त्यांच्या घराकडे.

चिंधू घाटी हातात धरून उभा. म्हणाला, "मालक, त्याले हात कोनाचाबी चालते."

फार वाईट वाटले. इथे लिहायला हरकत नाही.

संध्याकाळ
तान्हा पोळा. कोकिळेच्या लाकडी बैलाला चकाकीचे पहिले बक्षीस. किसनरावांच्या हस्ते.

तेल कोणी लावले, ते कोणी विचारले नाही.