जोडे कुठं काढायचे

बाबा,

आज रविवार. सकाळपासून कागद पुढे घेऊन बसले आहे, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं ही गोष्ट पहिल्याच ओळीपाशी आडवी आली. तुम्ही असता तरी हे मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचता वाचता मी यातलं अर्धं गाळलं असतं. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की गाळायला कारण उरलं नाही.

मी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवते. आपल्या घरात पाटी हातात घेणारी मी पहिली, त्यामुळे माय अजूनही शेजारणींना सांगते की आमची पोरगी मोठी बाई झाली. मोठी वगैरे काही नाही. एक खोली आहे, शाळा पायी जाण्याइतकी जवळ आहे. तरी संध्याकाळी घरी येते तेव्हा अंगात काही शिल्लक नसतं. शिकवण्याने मी दमत नाही. दारांनी दमते. प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबून आधी मनात ठरवावं लागतं, आणि दिवसात दारं किती येतात हे इतर कोणाच्या लक्षातही येत नसेल.

अकोल्याच्या जिनिंगमध्ये तुम्ही रेच्यावर होतात, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रावर. दुपारची भाकर घेऊन मी फाटकापर्यंत यायची. फाटकाशी कडुनिंब, आणि त्याच्या खाली वहाणांचा ढीग. आत कोणी पायात काही घालून जायचं नाही. वहाणेच्या तळाला खिळे असतात, खिळा दगडावर घासला की ठिणगी उडते, आणि कापसाला ठिणगी पुरे. शेठसुद्धा मोटारीतून उतरले की आपले चकचकीत बूट तिथेच काढायचे, आणि ते बूट तुमच्या टायरच्या वहाणांना टेकून पडलेले असायचे. मी ते पाहायची. तुम्ही आतून येता, भुवयांवर, मिशीवर पांढरं बसलेलं, खोकता आणि हसता, आणि मला विचारता, चटणी आणली का.

दुसरं दार गावचं होतं. आज्याला भेटायला आपण गावी जायचो तेव्हा वाट वरच्या आळीतून जायची. आळीच्या तोंडाशी तुम्ही वहाणा काढून हातात घ्यायचात, मला कडेवर उचलायचात, आणि आळी संपली की पुन्हा पायात घालायचात. ऊन असो, काटे असोत. मी लहान होते, मी विचारलं नाही. मी माझ्यापुरतं उत्तर काढलं होतं: या घरांतही कापूस भरलेला असणार. आणि खरोखर असायचाही, हंगामात तिथल्या माजघरापर्यंत कापूस असायचा. त्यामुळे माझी ती समजूत बरीच वर्षं टिकली.

मग तुम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात. दीक्षेचे पांढरे कपडे पुढे कितीतरी दिवस तुम्ही जपून घातले. घरातले देव गेले, भिंतीतली देवळी रिकामी झाली. पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आळीच्या तोंडाशी तुम्ही थांबला नाहीत. मी सवयीने उचलून घेण्यासाठी हात वर केले होते, ते तसेच राहिले. ओट्यावर बसलेला एक म्हातारा खाकरला, बस, एवढंच. तुम्ही एरवी झपाझप चालणारे, त्या दिवशी मुद्दाम हळू चाललात. आळी संपल्यावर मायला म्हणालात, "आता जोडे हातात नाई घेत मी. मेलो तरी नाई."

त्यानंतर माझे बूट आले. प्राथमिक शाळेत आम्ही सगळ्या अनवाणीच होतो, पण पाचवीच्या मोठ्या शाळेत काळे बूट लागतात असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं. बाजारातून तुम्ही आणलेत ते मुलाचे होते, एकदा वापरलेले, माझ्या पायापेक्षा मोठे. पुढे चिंधी कोंबली. ते उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून तुम्ही रिकाम्या देवळीत ठेवलेत, तेव्हा माय म्हणाली, "देव काहाडले अन् बूट बसोले काय तुमी?" तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. बुटांना नाड्या होत्या, आणि नाडी कशी बांधतात हे आपल्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. शाळेत नाव घालायच्या दिवशी तुम्ही ती बैलाचं दावं बांधतात तशी बांधलीत. ओढली की आणखी घट्ट बसणारी.

तुम्ही कारकुनाच्या खिडकीशी उभे राहिलात आणि मला हेडमास्तरांच्या दाराशी उभं केलंत, हाक आली की आत जा म्हणून. दार उंच होतं, हिरवा पडदा होता. मी खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले. सुटेनात. नखांनी, मग दातांनी. शिपाई स्टुलावरून पाहत होता. आतून हाक आली, पुन्हा आली, आणि मी रडकुंडीला येऊन टाच रेटून बूट तसेच उपटून काढले आणि आत गेले. हेडमास्तर भले माणूस होते. त्यांनी पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, बाई, इथे बूट लागतील, वडिलांना जमेल का? मी म्हटलं, आहेत. कुठे आहेत? बाहेर. त्यांना काही कळलं नाही. बाहेर का, असं त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात पडदा बाजूला करून तुम्ही आत आलात. दाराशी माझे बूट दिसले, चोरीला जातील म्हणून तुम्ही ते उचलले होते. पायात वहाणा, आणि हातात जोडे. साहेबांच्या टेबलासमोर तसे उभे राहिलात, आणि मग तुमचं तुमच्याच हातांकडे लक्ष गेलं. मी तुमचा चेहरा पाहिला, बाबा. आळीत वहाणा हातात घेऊन चालताना मी तो कधी पाहिला नव्हता, कडेवरून दिसायचा नाही.

तुम्ही माझ्यापाशी आलात. तिथेच फरशीवर गुडघा टेकून मला बूट घातलेत आणि साहेबांना म्हणालात, पोरगी नवीन आहे. माझं नाव शाळेत लागलं.

परत येताना रेल्वेच्या फाटकाशी गाडीसाठी थांबावं लागलं. तिथे तुम्ही विचारलंत, "काहून काढले?"

मी म्हटलं, मोठं दार होतं. वाटलं, काढा लागते.

मालगाडीचे डबे तुम्ही शेवटपर्यंत पाहिलेत. मग म्हणालात, "जिनात काढतो ते आगीसाठी. तिथं मी काढतो, शेठबी काढते. गावात काढत होतो ते भेवासाठी. तिथं मीच काढत होतो, दुसरं कोणी नाई. कोण काढून राहिलं ते पाह्यत जाय. सारेच काढत असन तर काढ. तुलेच काढा लागत असन तर नोको काढू."

तुम्ही मला कधी मारलं नाहीत, ओरडलातही क्वचित. हे सगळं तुम्ही हळू आवाजात सांगितलंत, समजावल्यासारखं, आणि मी अजून ते विसरू शकलेले नाही. खोकल्याने तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. छातीत कापूस बसला, असं माय म्हणायची. डॉक्टरांनी काय म्हटलं ते कोणी मला सांगितलं नाही.

तुमचा नियम मी पाळते. फार काटेकोरपणे पाळते, त्यातच माझा जीव जातो. कचेरीत जाते तेव्हा पुढच्या माणसाचे पाय पाहते. मैत्रिणीच्या घरी तिच्या मागे राहते. खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकीण म्हणाल्या, चपला बाहेर ठेवा, आणि मी त्यांचा मुलगा शाळेतून येईपर्यंत बोलत उभी राहिले, तो कुठे काढतो हे पाहण्यासाठी. त्यानेही बाहेरच काढल्या. मग मी खोली घेतली. मैत्रीण म्हणते, तू फार विचार करतेस. खरं आहे. न करता कसं जगतात हे मला येत नाही.

काल मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, सगळ्या शिक्षिकांना घरी चहाला बोलावलं होतं. चांगल्या आहेत त्या. मला आग्रहाने शेजारी बसवलं, शेंदूरजन्याहून आलेली संत्री सोलून दिली. बोलणं चाललं, हसणं चाललं, आणि निघताना आम्ही सगळ्या व्हरांड्यात आलो. चपला ओळीने होत्या. जी ती आपापल्या घालू लागली. मोठ्या बाईंची सून म्हणाली, "अहो बाई, तुमच्या कुठे गेल्या? कुत्र्याने तर नाही नेल्या?" सगळ्या हसत शोधायला लागल्या. गणिताच्या बाई तर वाकून खाटेखाली पाहत होत्या. शेवटी मलाच दाखवाव्या लागल्या. पायऱ्या उतरून खाली, अंगणाच्या कडेला, मोरीच्या पाण्यालगत होत्या. सून म्हणाली, इतक्या लांब? मी म्हटलं, घाईत तिथेच काढल्या गेल्या. कोणी काही मनावर घेतलं नाही.

बाबा, मी घाईत नव्हते. मी सगळ्यांच्या आधी पोहोचले होते. व्हरांडा पूर्ण रिकामा होता, आणि कोण कुठे काढतं ते पाहायला तिथे कोणीच नव्हतं.